कोळवणातल्या लहरी

आमच्या नेटवर्कवाल्यांच्या गाडीत डिझेल कमी आणि किस्से जास्त. हसू येतं म्हणता? तुम्ही हसा! मी मुळशीतल्या कोळवणचाच. हाय फ्रिक्वेन्सीची चाचणी आमच्या गावात पास झाली, तर घराघरात वायरशिवाय इंटरनेट. नाही झाली, तर सगळं सामान पुण्याला चिकटलेल्या सूसला, जिथं आधीच रेंज उतू चाललीय! आणि माझी आई अजून फोन लावायला पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढतेय. गुडघे गेलेत तिचे. जीव तुटतो हो.

*

अँटेना बसणार होता आप्पांच्या गच्चीवर. आप्पा म्हणजे माझे चुलत चुलते. आमच्या टीमचे साहेब, देवधर सर, यांनी त्यांना समजावलं, "सरकार लहरींचा लिलाव करतं. बऱ्याच देशांत असंच आहे. कंपनीनं परवाना घेतलाय."

"म्हंजी माझ्या गच्चीवरची हवा इकली?"

"हवा नाही आप्पा, लहरी."

"त्या जात्यात कशातनं? हवेतनंच ना? मंग हवेचा सातबारा दावा!"

सरांनी कपाळाला हात लावला.

*

ग्रामसभेत सर म्हणाले, "या लहरी भरपूर डेटा नेतात, पण लांब जात नाहीत. भिंतीला अडतात, झाडाच्या पानांना अडतात. जोराचा पाऊस आला की आणखी कमजोर."

आप्पा मागून ओरडले, "भितीतनं न्हाई, झाडातनं न्हाई, पावसात न्हाई! मंग मुळशीत ऱ्हायलं काय? लहरीच हायेत म्हना की!"

सभा तिथंच संपली.

*

परदेशातून यंत्र आलं. उघडलं, तर भलत्याच बँडचं, म्हणजे लहरींच्या भलत्याच पट्ट्याचं! तिकडं तो बँड मोबाईलला दिलाय, आपल्याकडं त्यावर मोबाईलला परवानाच नाही. मी हेड ऑफिसला फोन लावला.

"पाच मिनिटं लावून बघा ना, कोण बघतंय?"

"अहो, केस होईल!"

"मग सरकारला सांगून तुमचा बँड बदलून घ्या!"

डोकंच फिरलं माझं. फोन आपटला.

*

फार्महाउसवाल्या मॅडमचा रोज फोन. "मला फास्ट नेट पाहिजे, वर्क फ्रॉम होम आहे!" गेलो. त्यांच्या घराच्या आणि अँटेनाच्या मधे बांबूची ही दाट रांग!

"थोडे छाटू या का?"

"नो वे! ती माझी प्रायव्हसी आहे."

"मॅडम, सिग्नलला समोरचं दिसायला लागतं हो!"

"मग त्याला वळून यायला सांगा ना!"

*

शेवटी बरोबर बँडचं यंत्र आलं, आप्पाही गच्ची द्यायला राजी झाले आणि चाचणीचा दिवस उजाडला. चाचणी घ्यायला कंपनीचे दिल्लीचे साहेब आले. आदल्या संध्याकाळी मी स्वतः स्पीड बघितला होता, एकदम झकास! साहेबांनी मीटर काढला. शून्य. सगळं बंद करून परत चालू केलं. शून्य!

मी गच्चीवर धावलो. अँटेना लखलखत होता. देवळाच्या रेलिंगचा उरलेला चंदेरी रंग फासलेला, धातूची पूड असलेला! लहरींच्या तोंडावर पत्राच ठोकला म्हणा ना.

"आप्पा, हे काय केलंत?"

"दिल्लीचा सायेब येनार, आन डबडं तसंच ठेवायचं व्हय? पहाटं उठून दोन हात मारलं!"

खाली साहेबांनी मीटर बॅगेत टाकला. "चलो, सूस चलते हैं." मला रडू यायचंच बाकी होतं. आईला काय सांगू?

आप्पा धावत खाली गेले आणि गाडीला आडवे येऊन हात जोडून म्हणाले,

"सायेब, वाईच दम धरा! रंग वल्ला हाय अजून. वाळला की रेंज येतीया!"