दुसऱ्या गुरुजींची तारीफ

शिक्षकाचा पगार घेऊन शाळेतच राहायची हौस असलेला माणूस मी सबंध नोकरीत एकच पाहिला. आमचे दुसरे गुरुजी. साखऱ्याच्या पलीकडे एका तांड्यावर आमची दोन मास्तरांची शाळा. हुद्द्याने पहिला मी, म्हणून ते दुसरे. बाकी कुठल्याच बाबतीत हा क्रम बराबर नव्हता. मला तांदळाची पोती, मतदार याद्या आणि माहितीचे तक्ते यांनी इतकं दमवलं होतं की, पंचायत समितीत मीटिंग आहे म्हटलं की विसावा वाटायचा. निदान तिथे मोडकी नसलेली खुर्ची मिळायची. त्यांच्या मात्र मीटिंगच्या नावाने पोटात दुखायचं, आणि ते खरंच दुखत असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते ओवा चघळत यायचे.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू? फळा त्यांनी भिंतीवरून उतरवून सायकलच्या कॅरिअरला बांधला होता. वर्ग त्याच्यामागे चालायचा. विहिरीपाशी प्रश्न निघाला की विहिरीपाशी गणित, बैलांपाशी निघाला की तिथे. एकदा वर्ग रिकामा पाहून मी घाबरून शिवारभर हिंडलो. पोरं दिसली तेव्हा ती लांबून माझ्याच ढांगा मोजत होती. "सर, अजून धा ढांगा चाला, गणित अर्धवट राहून राहिलं!" दुसरे गुरुजी ओरडले. मी मुकाट चाललो.

पहिलीची लेकरं घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलत आणि शाळेत गप्प बसत. मी वर्षानुवर्षं त्यांच्या नावापुढे 'मंद' असा शेरा मारत होतो. "लेकरं मुकी न्हाईत सर," दुसरे गुरुजी म्हणाले, "आपुन बहिरे हाव." मग त्यांनी तांड्यावरच्या बायकांना शाळेत बोलावलं आणि त्यांना विचारून विचारून गेरूने भिंत भरून टाकली. इकडे याडी, तिकडे आई. इकडे बाटी, तिकडे भाकरी. महिन्याभरात पोरं इतकी बोलायला लागली की मला डुलकी काढणं मुश्कील झालं.

ती भिंत बघून एक साहेब खूश झाले, आणि तिथेच घात झाला. जिल्हा नवा होता, कचेऱ्यांना हुशार माणसं हवी होती. "असा माणूस तांड्यावर काहून सडवता?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या गुरुजींना तालुक्याच्या कार्यालयात घ्यायचं ठरवलं आणि माझा अभिप्राय मागवला. गुरुजी रडकुंडीला आले. "सर, माझी तारीफ नका करू. आळशी हाय, उशिरा येतो, आसं लिवा. मंग कोणी नेत न्हाई."

मी लिहायला बसलो. 'आळशी' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी ठरवलं, हा माणूस शाळेला किती हवा आहे ते असं पटवायचं की साहेबांना पाझर फुटला पाहिजे. चार पानं झाली. 'कल्पक' हा शब्द सात वेळा. वाचताना माझेच डोळे भरून आले. साहेबांचेही आले असावेत, कारण आठव्या दिवशी आदेश आला: गुरुजींना ताबडतोब कार्यमुक्त करा.

"काय लिवलं होतं सर?"

मी सांगितलं. ते बराच वेळ सायकलवरचा फळा सोडत बसले.

पुढे भिंतीवरचा गेरू उडत चालला. मीच ब्रश घेतला आणि 'याडी'तला अर्धा पुसलेला 'य' गिरवताना त्याचा 'ग' केला. पहिलीतली एक पोरगी हसून लोळली. "गुरुजी, गाडी न्हाई, याडी!"

काही वर्षांनी सेनगावला तालुक्याच्या कार्यालयात गेलो, तर दुसरे गुरुजी तक्त्यांच्या ढिगात बसलेले. केस पिकले होते. मी गाडीची गोष्ट सांगितली. खूप हसले. मग हळूच म्हणाले, "सर, आता तरी लिवा की. आळशी हाय म्हणून."

"आता माझा अभिप्राय कोण मागतं, गुरुजी?"

"ऱ्हाऊ द्या. तुमी पुन्हा तारीफच लिवणार."

एक तक्ता ओढून त्यांनी त्याच्या कोऱ्या पाठीवर टपोरा 'य' काढला आणि माझ्या हातात दिला. "हे पाहून गिरवा."

एसटीत गर्दी होती. तांड्याच्या फाट्यापर्यंत मी तो कागद घडी न घालता धरून उभा होतो.