टारगेटावरची पाच भोकं

हे मी बायकोलेही सांगितलं नाही. अन् बायकोपासून माहं काही लपत नाही — चोरून खाल्लेला गुळाचा खडाही तिले कळते. हे मात्र नाही कळलं. आज तुमच्याजवळ बोलतो. आजच काहून? सांगतो, जरा दम धरा.

आधी एक सांगून टाकतो — मी काही दुःखी माणूस नाही बाप्पा. पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालो. दारव्ह्याजवळ तांड्यावर घर आहे, चार एकरात सोयाबीन अन् तूर आहे, झोप मस्त लागते. पश्चात्तापानं जळून राह्यलो असं म्हणलं, तं ते आणखी एक खोटं होईल.

गुणवंता माहा दोस्त. राळेगावकडचा. दोघंही एकाच वर्षी भरती झालतो, बराकीत खाटेले खाट लागून. आमच्या तांड्यावर येऊन येऊन तो मले ‘भिया’ म्हणू लागला. आमच्या बोलीत भावाले भिया म्हणतात.

सुरुवातीले आम्ही जुन्या थ्री-नॉट-थ्रीवर शिकलो. एक गोळी झाडली की हातानं बोल्ट ओढा, मग दुसरी. तेवढ्या वेळात माणूस सावरते. मग एसएलआर आली — घोडा दाबला की गोळी, पुन्हा दाबला की पुन्हा. चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, आमाले शिकवणारे उस्ताद म्हणाले, दहा सेकंदात पाच गोळ्या. ज्याच्या पाचही लागतील त्याले माह्या हाताखाली घेतो, नव्या पोट्ट्यांले शिकवाले. गुणवंताले ती जागा लय पाहिजे होती. खांदा सुजला तरी सराव सोडत नव्हता. अन् मले? मले सकाळच्या कवायतीतून सुटका पाहिजे होती. बस.

बाजूबाजूले पालथे पडलो. माह्या पहिल्या दोन बरोबर गेल्या. मग रायफलची नळी जी उठली, ती उठतच गेली. मी हातानं दाबलं तं ती आणखीच उसळे, बुजाडलेल्या गोऱ्ह्यासारखी. तिसरी, चौथी, पाचवी — तिन्ही गोळ्या टारगेटाच्या वरून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर गेल्या. पार शेंड्यावर धूळ उडाली. ती मी माह्या डोळ्यानं पाह्यली — हे ध्यानात ठेवा.

टारगेटाजवळच्या मार्करनं भोकं मोजली. माह्या टारगेटावर पाच भोकं. गुणवंताच्या टारगेटावर दोन.

समजलं का काय झालतं? गडी तिरपा पडलता. नळी उठली अन् खाली येता येता माह्या टारगेटावर आली. हात बोल्टच्या सवयीचा, सावराले वेळच नाही भेटला, अन् घाईत टारगेटाचा नंबर पाह्याचा राह्यला. त्याच्या तीन गोळ्या माह्या झाल्या.

‘उस्ताद, ह्या माह्या नाहीत’ — एवढंच म्हणाचं होतं. जीभ नाही उचलली. भ्यालो का? नाही जी. उस्तादानं पाठीवर थाप मारलती, अन् ती मले आवडली. दुसरं काही कारण नव्हतं.

गुणवंताले सगळ्यांसमोर रायफल डोक्यावर धरून मैदानाचे चक्कर माराले लावले. ‘तीन गोळ्या कुठं गेल्या बे, आभाळात?’ तो पळत होता, अन् मी निंबाखाली चहा पेत होतो.

पुढचं तं याहून वाईट. शिकवाले लागलो खरा, पण नळी जाग्यावर कशी ठेवाची हे मलेच कुठं येत होतं? गुणवंता मात्र रोज संध्याकाळी रिकामी रायफल घेऊन पालथा पडे, आपली चूक शोधे. महिन्याभरानं मोठ्या खुशीत माह्याकडे आला — ‘भिया, तिले दाबाचंच नाही. दस्ता खांद्यात घट्ट, गाल लाकडाले, अन् आपण तिच्या मागं सरळ. मागचा माणूस सरळ असला की नळी उठते, अन् आपोआप जाग्यावर येते.’

हेच मी रिटायर होईपर्यंत पोट्ट्यांले शिकवलं. आपलं म्हणून. त्याच्यावरच माहं नाव झालं. गुणवंता गार्ड ड्युटी करता करता रिटायर झाला. त्याले कधी संशय आला नसेल का? मी विचारलं नाही. विचाराले तोंड पाहिजे.

आता आजच काहून, ते ऐका. परवा रविवारी तो पोरीले घेऊन शेतात आला. वैष्णवी भरती झाली, ट्रेनिंगमधून सुट्टीवर आलती. पुढच्या आठवड्यात तिची फायरिंग, अन् नळी उठते म्हणून पोट्टी रडकुंडीले आलती. ‘काका, तुम्हीच सांगा.’ मी तिले रायफल म्हणून एक तुराटी खांद्याले लावून शेताच्या धुऱ्यावर पालथं पडाले लावलं, पाय सरळ करवले, अन् तिच्या बापाचं ते वाक्य तिले सांगितलं. हुशार आहे, एका दमात समजली.

गुणवंता बाजूले बसून ऐकून राह्यलता. तोंड कसं फुललं होतं त्याचं! म्हणे, ‘नीट शिक वो माय. तुह्या बापाच्या तीन गोळ्या आभाळात गेलत्या. भियाच्या पाचही लागल्या.’

पोरीनं तशीच मान वर केली. ‘खरंच, काका?’

मी म्हणलं, ‘हाव.’

मग आम्ही तिघंही हसलो. सगळ्यात जास्त गुणवंता हसला.