दारातली फुंकर

आमचे दाजी दारू गाळतात आणि दारू पीत नाहीत. ऐकणारा हसतो. हसू दे! नऊ वर्षं तांब्याच्या भट्टीसमोर उभा असलेला माणूस एक घोट गिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा. एवढं कसलं सोवळं?

त्याआधी प्यायचे. एकदा पोरीला शाळेतून आणायला गेले आणि तिला रस्त्यातच विसरून घरी आले. पोरगी सापडली, पण ताईनं त्या दिवशी सांगून टाकलं, "यापुढे एक घोट जरी पोटात गेला, तर मी पोरीला घेऊन चालले." तेव्हापासून दाजी रोज संध्याकाळी दारात थांबतात. ताई पुढे येते, ते तिच्याकडे तोंड करून फुंकर मारतात, ती वास घेते आणि मगच हातातली पिशवी घेते. मी त्यांच्याकडेच राहतो. हा सोहळा चाललेला असताना मी बाजूनं घरात शिरतो.

काम मात्र ते हातानं आणि नाकानं करतात. धार सुरू झाली की थोडी तळहातावर घ्यायची, दोन्ही हात चोळायचे आणि नाकाशी धरायचे. सुरुवातीला येतं ते 'डोकं'. पिण्याच्या कामाचं नाही, उग्र आणि घातक. ते आम्ही वेगळं काढून काचा पुसायला ठेवतो. दिसायला मात्र नंतर येणाऱ्या चांगल्या मालासारखंच, अगदी पाणी. म्हणून त्या बाटलीच्या गळ्यात दाजी लाल दोरा बांधतात.

माझं काम पाहुण्यांना कारखाना दाखवायचं. आंबवण्याच्या टाक्या, भट्टी, पिंपं, आणि शेवटी चव घ्यायची खोली. पाहुण्यांना संकोच वाटू नये म्हणून प्रत्येक गटाबरोबर मीही घोटभर घेतो. नोकरीच तशी आहे, काय करणार!

त्या दिवशीचा तिसरा गट म्हणजे एक बडा हॉटेलवाला आणि त्याची चार माणसं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "यानं माल नाकारला, तर भट्टी बंद करायची वेळ येईल." मी फडताळातून बाटली काढली, ग्लास भरले, आणि हौसेनं दाजींनाही आत बोलावलं.

"हे आमचे कारागीर. स्वतः थेंब पीत नाहीत बरं का!" मी बढाई मारली. माझ्या जिभेला हाड नाही.

हॉटेलवाल्यानं ग्लास तसाच हातात धरला. "बनवणारा पीत नाही, ते आम्ही का प्यावं? आधी तुम्ही घ्या."

त्यानं आपलाच ग्लास दाजींच्या हातात दिला. मालकीणबाई दाजींकडे बघत होत्या, 'घ्या' म्हणत नव्हत्या आणि 'नको'ही म्हणत नव्हत्या. आणि मी, त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, काय म्हणालो?

"घ्या हो दाजी, एका घोटानं काय आभाळ कोसळतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते. मग ग्लास वर नेला. ओठांपाशी आला. तिथेच ते थबकले. त्यांनी ग्लास तळहातावर ओतला. मनगटावरून बाहीत ओघळलं, तरी हात चोळून नाकाशी धरले.

"कुणी पिऊ नका! ग्लास खाली ठेवा."

हे डोकं होतं. मी वळून बाटलीकडे पाहिलं. गळ्यात लाल दोरा होता, चांगला जाडजूड.

"ही बाटली इथे कशी आली?" मालकीणबाईंचा आवाज चिरका झाला.

"फडताळ माझ्याकडे असतं," दाजी म्हणाले. "चूक माझी."

मी तोंड उघडलं नाही. हॉटेलवाला "कळवतो" म्हणून निघून गेला. मालकीणबाई दाजींना एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी ऑफिसात या."

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. दारात ताई आली. दाजींनी फुंकर मारायच्या आधीच तिच्या नाकाला वास लागला. ती दोन पावलं मागे सरली.

"पिशवी खाली ठेवा," ती म्हणाली. आवाज मेलेला. आत पोरगी अभ्यास करत होती.

दाजी गप्प. सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. ते पिशवी ठेवायला वाकले आणि माझा धीर सुटला.

"ताई, ते प्यायले नाहीत! हातावर घेतलं फक्त. काचा पुसायची बाटली मी काढली, आणि आळ यांनी स्वतःवर घेतला. मला दोरा दिसलाच नाही गं."

ताईनं दाजींचे हात हुंगले, बाही हुंगली. मग म्हणाली, "मारा." त्यांनी फुंकर मारली. तिनं डोळे मिटून वास घेतला. मग तिनं पिशवी उचलली.

हुश्श! मी नेहमीसारखा बाजूनं आत शिरायला गेलो. ताईनं चौकटीला हात आडवा लावला.

"दोरा दिसला नाही? अंधार होता?"

"नाही."

"मग वास तरी?"

मी एक पाऊल मागे सरलो.

"इकडे ये," ताई म्हणाली. "फुंकर मार."