श्वास सोडल्यानंतरचा थांबा

शैला वानखडे गेल्याचं मला साकीनाक्याला बेअरिंगच्या दुकानात कळलं. तिच्या यजमानांचा, प्रकाशरावांचा फोन होता. "परबभाऊ, शैला सकाळी गेली," एवढंच म्हणाले. दुकानदाराला मी बेअरिंगचा नंबर सांगत होतो, तो अर्ध्यावरच राहिला. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही सतरा वर्षं एकत्र होतो. ती ड्रॉइंग करायची, मी फिटर. तिचे वडील वाशिमहून आलेले, माझे मालवणहून. पण भांडायचो अस्सल मुंबईकरांसारखे. कुठलंही ड्रॉइंग पुढे आलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, हे असंच का? सुरुवातीला मला वाटायचं, बाई अक्कल दाखवतेय. पुढे लक्षात आलं, तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

एकदा एका नर्सिंग कॉलेजकडून काम आलं. मुलींना शिकवण्यासाठी श्वास घेणारा पुतळा हवा होता. छातीत रबराची पिशवी, खाली पिस्टन, पिस्टनला ढकलणारं चाक आणि एक दांडी... दोन दिवसांत मी जोडून दिलं. कॉलेजच्या सिस्टर बघायला आल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, माणूस असा श्वास घेत नाही, हा पंप आहे. मालकांनी मोटर हळू करायला सांगितली. पंप हळू झाला, पण पंपच राहिला.

शैला मात्र तेव्हापासून लोकांचे श्वास बघू लागली. शेअर रिक्षात शेजारचा पेंगत असला तरी हिची नजर त्याच्या शर्टाच्या बटणावर. एका दुपारी आमच्या घरी आली आणि झोपलेल्या माझ्या आईसमोर वही घेऊन तासभर बसली. आईने एक डोळा उघडून मला विचारलं, "ह्या चेडवाक मी आजारी दिसतंय काय रे?" शैला हसली, पण वही काही मिटली नाही.

तिने शोधून काढलं ते असं, की माणूस श्वास पटकन घेतो, सावकाश सोडतो आणि सोडल्यावर जरासा थांबतो. माझ्या चाकावर पिस्टनचं जाणं-येणं सारख्याच वेळाचं होतं. पहिल्या दोन गोष्टी तिला आमच्याच शेपर मशीनने दिल्या. ते मशीन लोखंड कापताना हळू जातं आणि रिकामं परत येताना झटकन येतं. तीच रचना तिने पुतळ्यात घेतली. प्रश्न उरला थांब्याचा. मोटर थांबवायची नाही आणि पिस्टन मात्र थांबवायचा, कसा? पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून ती आठवडाभर फिरवत बसली. एक दिवस माझ्यासमोर हात लांब करून म्हणाली, बघ, कोपर सरळ होत आला की तो थोडा हलला तरी मूठ फारशी पुढे जात नाही. तशा पट्ट्यांच्या दोन जोड्या एकाच वेळी सरळ झाल्या तर? तिने पट्ट्या फिरवल्या. चाक फिरत राहिलं, पट्टीचं टोक क्षणभर जागच्या जागी.

पुठ्ठ्यात जमलं ते लोखंडात अडकायला लागलं. एका जोडाला जरा ढिलाई आली की सगळं खडखडायचं. माल द्यायची तारीख आली, नेमकी तेव्हा शैला भाचीच्या लग्नाला वाशिमला गेलेली. तेवढा थांबा कोणाला कळणार आहे, असं मीच मालकांना म्हणालो. ती दुसरी जोडी काढली आणि पुतळा पाठवून दिला. सिस्टरनी पासही केला.

परत आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "परब, तू त्याच्याकडे पूर्ण एक मिनिट बघत बसलास का रे?"

मी बसलो नव्हतो.

मग मी ती जोडी पुन्हा बनवली, एकेक पिन घासून. एका शनिवारी आम्ही दोघं कॉलेजात गेलो आणि बसवली. सिस्टर आम्हाला नव्या बॅचच्या मुलींबद्दल काहीतरी सांगत होत्या. मोटर चालू झाली. पुतळ्याने श्वास घेतला, सावकाश सोडला, थांबला... सिस्टर बोलता बोलता थांबल्या. पुढे झाल्या आणि पुतळ्याच्या अंगावरची चादर नीट छातीपर्यंत ओढली. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. शैला खाली बसून स्क्रू आणि पाने पिशवीत भरत होती, पण तिने ते पाहिलं होतं. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाली, जमलं यार.

परवा प्रकाशरावांना भेटायला घाटकोपरला गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. पुतळ्याचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, माझ्या आईलाही तिने सोडलं नाही. ते हसले.

"मला तरी कुठे सोडलं? रविवारी जेवून आडवा झालो की ही घड्याळ घेऊन समोर. तिला वाटायचं मी झोपलोय."

"झोपलेले नसायचात?"

"कसला झोपतो. श्वास सोडला की जरा जास्तच थांबायचो... तिला लिहायला वेळ मिळावा म्हणून."

मी विचारलं, तिला हे कधी कळलं का? त्यांनी मान हलवली, नाही. कप उचलून आत ठेवून आले आणि कॉटच्या कडेला बसले.

"आता सवय झालीय," म्हणाले. "अजून थांबतो."