खुंटीवरची पिशवी

पापुआच्या डोंगरात, जिथे मी शाळेत शिकवते, तिथे तान्ही बाळं विणलेल्या पिशवीत झोपतात. शेजारच्या योसिनाने तिची पिशवी माझ्या ओसरीवरच्या खुंटीला टांगलीय. आत तापाने फणफणलेली लेक आहे. दरीतलं धुकं हटल्याशिवाय तिला न्यायला विमान उतरणार नाही.

मी बघायला उठले तर योसिना म्हणाली, "उघडू नका, बाई. झोपू दे. पिशवी हलतेय ना, म्हणजे ठीक आहे."

तेव्हापासून माझी नजर पिशवीवरच. काळजी वाटली की आपले हात आधी धावतात. झोळीला देतात तसा झोका द्यावासा वाटतो. पण मीच हलवली तर बाळ आतून हलतंय का, हे कळणार कसं?

इतक्यात वारा सुटला. धुकं पांगू लागलं, खाली "विमान येणार!" म्हणून ओरडा झाला. वाऱ्याने पिशवी जोरात हलायला लागली, आणि योसिना नि मी एकदमच तिच्याकडे धावलो.