वरधाव्याचा जबडा

माझा जबडा धरला तो संक्रांतीच्या आसपास. सकाळी बाजरीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला, कानाखाली कळ आली आणि तेव्हापासून बोट शिरेल एवढंच तोंड उघडायला लागलं. घोडीवर बसलो तर टापेचा हिसका थेट दाढेत. हकीमसाहेबांनी लेप दिला, हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलं आणि बजावलं, "बोलना कम, घोडा बंद." यातल्या पहिल्या सूचनेनं आमच्या घरात सगळ्यांना झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

हुलग्याचं माडगं आणि ताक पिऊन हिवाळा काढला. घोडी दावणीला उभी राहून माजली आणि मी बैलगाडीतून हिंडू लागलो. बैलगाडीला मी नावं ठेवत नाही. पण गाडीत कोण बसतं? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका आणि लोणच्याच्या बरण्या. त्यांच्यामध्ये गालाला उशी लावून मी. मला मनापासून लाज वाटायची.

वैशाखात मेहुण्याचं लग्न निघालं. वऱ्हाड तेलगावहून दिंद्रुडला जायचं होतं. वऱ्हाड गावाजवळ आलं की आमच्याकडे एक माणूस घोड्यावरून पुढं जातो आणि नवरीच्या दारात वर्दी देतो. तो वरधावा. मग नवरीकडची पुरुषमंडळी वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेवाला आणायला जातात. हा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. पण धाकटा जावई, माझा साडू, केव्हाचा नवा फेटा रंगवून बसला होता.

"दादा, तुमी गाडीत आरामात या. मी जातो की," तो म्हणाला. आवाजात साखर नुसती सांडत होती.

बायकोही त्याच्याच बाजूची. "जाऊ द्या त्यांना. अवं, त्या फडक्यात तुमी तिरडीवरल्यावानी दिसता. शुभकार्य हाय."

हे मला फार लागलं. एकदा हा मान सोडला की तो परत येणार नाही आणि मी कायमचा बरण्यांमध्ये बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी फडक्यावरून फेटा बांधला, शेमला गालावरून ओढून हनुवटीखाली खोचला आणि तसाच निघालो. डोळे, नाक आणि मिशा एवढंच काय ते बाहेर.

दिंद्रुडची झाडं दिसू लागली तसा सासऱ्यांनी हात केला. घोडी दुडक्या चालीनं निघाली आणि पहिल्याच हिसक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावलापावलानं न्यावी तर वऱ्हाडच माझ्याआधी पोचलं असतं. साडू मागून बघतोय हेही ठाऊक होतं. शेवटी रागाच्या भरात टाच मारली. घोडी भरधाव सुटली, आणि काय सांगू, हिसके बंद! पाळण्यात बसावं तसं वाटू लागलं. दुखत होतं, पण सोसवेल असं. मला ओरडून हसायचं होतं, तोंड तेवढं उघडत नव्हतं.

भरधाव जाण्यात एक चूक झाली. मी नवरीच्या दारात पोचलो तेव्हा वऱ्हाडाच्या गाड्या अजून ओढ्याच्या वाळूत रुतलेल्या होत्या. इकडे मी हात वर केला, वाजंत्री सुरू झाली, नवरीचे वडील आणि झाडून सगळे पुरुष मारुतीकडे गेले आणि तिथंच वाट पाहत बसले. दारात उरल्या बायका. त्यांच्यातल्या एकीनंही नवरदेव कधी पाहिलेला नव्हता. बराच वेळ कुणी येईना, आणि घोड्यावर फेटेवाला एक पुरुष तर समोर हजर.

"ह्योच का गं नवरदेव?" एक आत्याबाई म्हणाल्या.

"मिशा तर पिकल्यात की!"

"आन् तोंड कावून झाकलंय?"

मी हातानं मागचा रस्ता दाखवला, मान हलवली. त्यांना वाटलं, मी लाजतोय. तेवढ्यात आतून हुंदके ऐकू आले. "पोरगी रडायलीय," कुणीतरी म्हणालं. दाराच्या फटीतून नवरीनं मला पाहिलं होतं.

माझा जीव कळवळला. शेमला ओढून काढला, फडकं सोडलं आणि ओरडलो, "बाई, मी न्हाई! मी थोरला जावई! नवरदेव तरणाबांड हाय, मागनं यायलाय!"

जबडा उघडला कसा ते मला आजही सांगता येत नाही. कळ अशी गेली की मी घोडीच्या मानेवर ओणवा झालो. आतले हुंदके थांबले. मग आवाज आला, "देवा, सुटले!" सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मीही हसत सुटलो, अर्ध्या तोंडानं.

गाड्या आल्या तेव्हा बायको सगळ्यांच्या पुढं पळत आली. घोडी मला घेऊन उधळली असंच तिला वाटलं होतं. रडून डोळे लाल झाले होते. तिनं लगाम धरला. "उतरा आता. लई झालं. लेप लावते." मागून साडूनंही मला उतरवायला हात पुढं केला.

मला उतरायचं नव्हतं. दुखत होतं, तरी उतरायचं नव्हतं.

"नवरदेव बोहल्यावर चढंपत्तर वरधाव्यानं उतरायचं नसतं," मी जमेल तेवढं तोंड उघडून म्हणालो. "रिवाज हाय."

असा रिवाज आमच्याकडेच काय, अख्ख्या मोगलाईत नव्हता. बायकोला ते चांगलं ठाऊक होतं. तिनं लगाम सोडला. मग साडूला म्हणाली, "हाय, हाय तसा रिवाज," आणि घोडीसाठी पाणी आणायला गेली.