जयसिंगपूरहून आलेली शाल

ताईचा साखरपुडा झाला त्या दुपारी शेवटचा पाहुणा जिना उतरला तशी आईनं दाराला कडी लावली आणि स्वतःला मिळालेली शाल खिडकीपाशी नेऊन उलटी केली. कुठलंही कापड आधी उलट्या बाजूनं बघायची तिची सवयच होती. वांगी घेतानाही ती देठाखाली बोट घालून बघायची.

शाल ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी आईच्या खांद्यावर घातली होती. फिकट बदामी रंग, कडेनं बारीक भरतकाम, वजन जेमतेम. घालताना त्या चारचौघींत मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "पश्मिना हाय. धाकटा मिल्ट्रीत हाय न्हवं, त्यानं आणलीया काश्मीरवरनं." लगेच बायकांचे हात शालीवरून फिरले. कुणी म्हणालं लोण्यासारखी आहे, कुणी म्हणालं अशी शाल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आई हसली, पण ते हसू मला ओळखीचं होतं. दवाखान्यात ड्यूटीवर असताना एखाद्या पेशंटचा नातेवाईक फारच गोड बोलायला लागला की ती असंच हसायची.

"मुलाकडच्यांनी मुलीच्या आईला द्यायची रीत कुठली?" ती शाल चाचपत म्हणाली.

बाबा हायस्कुलात शिक्षक. माणसावर विश्वास टाकून मोकळे होणारे. ते म्हणाले, "अगं, दिली प्रेमानं. घे की."

"दोन भेटीत कसलं प्रेम?"

तिचा हिशेब सरळ होता. शाल खोटी असेल तर ही माणसं थापाडी. खरी असेल तर एवढी भारी वस्तू आपल्याला कशाला दिली? पुढं काय मागायचा विचार आहे? दोन्हीकडून ताईचं सासर संशयातच सापडत होतं.

त्या वेळी, म्हणजे नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, मी कॉलेजात होते आणि मला आईचा हा स्वभाव अगदी नकोसा व्हायचा. आता तसं वाटत नाही. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि कितीतरी वर्षं तिची ड्यूटी जळीत वॉर्डात लागायची. तिथं येणाऱ्या पोरींच्या कागदावर 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढंच लिहिलेलं असायचं आणि सासरची माणसं शहाळी घेऊन बाहेर बाकावर बसलेली असायची. घरी ती त्यातलं काही सांगत नसे. पण त्या दिवशी बाबा फारच समजूत घालायला लागले तेव्हा म्हणाली, "त्या पोरींच्याबी साखरपुड्यात सासवा गोडच बोलल्या असतील की."

शेजारच्या काकूंनी सांगितलं की खरी पश्मिना अंगठीतून आरपार जाते. आईनं बोटातली अंगठी काढली. शालीचं टोक आत गेलं, मधे जरा अडलं, आणि हळूच ओढल्यावर सगळी शाल पलीकडं आली. मी टाळ्या वाजवल्या. आईनं दोरीवरची माझी ओढणी ओढली, बाजारातली, साधी नायलॉनची, आणि तीही त्याच अंगठीतून काढून दाखवली. ती तर सर्रकन गेली.

"तुझी ओढणीबी पश्मिनाच म्हणायची का मग?"

मग तिनं शालीच्या दशीतला एक धागा उपटला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. केस जळल्याचा वास आला. धाग्याची राख झाली, बोटात चुरली की भुगा.

"नायलॉन असतं तर चिकट गोळी झाली असती," बाबा म्हणाले. "झालं समाधान?"

"लोकर हाय एवढं कळलं. पश्मिना शेळीची असती म्हणं. ही शेळीची का मेंढीची ते कुठं कळलं?"

तोपर्यंत ताई दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते. "शाल तपासतीस का माणसं?" तिनं विचारलं.

"दोन्ही," आई म्हणाली.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. बुद्धविहारात, पांढऱ्या साडीत ताई शांत दिसत होती. आई सगळा वेळ सासूबाईंच्या हाताकडं बघत होती. ते हात घट्टे पडलेले, कामाचे होते. नवरा लवकर गेल्यावर त्या बाईनं जयसिंगपूरच्या बाजारात मसाले विकून दोन मुलं शिकवली होती. आईला हे माहीत होतं. पण कष्टाळू माणूस वाईट नसतो असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शालीचं पुढं काय झालं म्हणाल तर आईनं ती कपाटात ठेवलीच नाही. थंडीत ड्यूटीवर जाताना ती अंगावर घ्यायची, परत आली की भिंतीवरच्या खुंटीला अडकवायची आणि रविवारी कपड्याच्या साबणानं धोपटून गच्चीवर वाळत घालायची. मी ओरडायचे, अगं, असली शाल अशी धुवायची नसते.

"जपून ठेवलं तर गोणपाटबी टिकतंय," ती म्हणायची. "खरी असंल तर टिकंल."

टिकली. वर बारीक गोळे आले, ते तिनं जुन्या ब्लेडनं खरवडले. भरतकामाचा एक कोपरा उसवला, तो तिनं शिवला. रंग थोडा उतरला, पण कापड विरलं नाही. दर हिवाळ्यात मला वाटायचं की आता हिची खात्री पटली असेल. पण शाल टिकत गेली तसा तिचा संशय उलट वाढायला लागला. एवढी नाजूक म्हणतात ती वस्तू एवढा मार कशी खाते?

ताईचंही तसंच. ताई माहेरी आली की आई तिला पाटावर बसवून केसांना तेल लावायची. मान, पाठ, दंड, मनगटं, सगळ्यांवरून हात फिरायचा. लाड म्हणून बघणाऱ्याला बरं वाटावं असं दृश्य. पण ती काय बघते आहे ते मला माहीत होतं आणि ताईलाही. ताई मुकाट्यानं बसायची. सासरी तिला काही त्रास नव्हता. तिच्या सासूनं तिला लग्नानंतर बीएडला घातलं, नातू झाल्यावर त्याला दिवसभर सांभाळलं, ताई शाळेत नोकरीला लागली. आईला हे सगळं दिसत होतं. तरी ती मधूनच काही न कळवता जयसिंगपूरची एसटी धरायची आणि भर दुपारी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

"कसं काय वाटलं?" बाबा विचारायचे.

"अजून काय कळत न्हाय."

दोन हजार सालानंतर कधीतरी एका हिवाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये काश्मिरी मालाचं प्रदर्शन लागलं. आई तेव्हा निवृत्त झाली होती. ती शाल अंगावर घेऊनच मला म्हणाली, चल. गालिचे, अक्रोडाच्या लाकडाच्या पेट्या आणि शालींचे ढीग ओलांडत ती एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यासमोर गेली आणि खांद्यावरची शाल काढून त्याच्यापुढं टाकली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये खरा है क्या, बोलो."

त्यानं शाल चिमटीत घेऊन चोळली, उजेडाला धरली, उलटी केली. मग सांभाळून म्हणाला, "माँजी, ऊन अच्छी है. भेड़ की है. पश्मीना नहीं है."

त्यानं स्वतःची एक शाल उलगडून आईच्या ओंजळीत ठेवली. तिला वजन नव्हतंच. वीणही अगदी सरळ नव्हती, कुठं घट्ट, कुठं सैल, हातानं विणल्याची. थोड्या वेळानं आईच्या हातांना ऊब जाणवली असावी, कारण ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. व्यापाऱ्यानं विचारलं, तुमची शाल कशी धुता? मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, पश्मिना असती आणि अशी धुतली असती तर दोन-तीन हिवाळ्यांत तिची जाळी झाली असती. तुमची टिकली, कारण ती पश्मिना नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कळलं की गं एकदाचं."

"काय कळलं? त्याला त्याची विकायची हाय. माझीला खरी म्हणून त्याचा काय फायदा?" असं म्हणाली खरी, पण रस्ताभर ती शालीच्या काठावरून अंगठा फिरवत होती. जाळी होण्याची गोष्ट तिला पटली होती.

त्यानंतरच्या वर्षी ताईच्या सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात करायचं ठरलं. दवाखाना आमच्या घराजवळ. आई नर्स. त्या आमच्याकडंच राहिल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून त्या कॉटवर बसल्या होत्या. पौषातली थंडी होती. आईनं त्यांच्या पायांवर शाल टाकली. त्यांची बोटं काठावरच्या भरतकामावर थांबली.

"हीच का ती?"

"हीच."

"अजून हाय?" त्या थोडा वेळ चाचपत राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "विहीणबाई, खरी निघाली का हो?"

आई थेंबांची बाटली हलवत होती. तिचा हात थांबला. "का? तुम्हाला म्हायती न्हवतं?"

"न्हवतं. पोरानं पहिल्या सुट्टीला आणली. गल्लीतली एकजण म्हणाली, काश्मीरला लुटत्यात, खोटं देत्यात. मला तपासून घ्यायचा धीरच हुईना. खोटी निघाली असती तर? बर्फात उभं राहून मिळवलेल्या पैशात पोरगं फसलं, हे कळून मी काय करणार हुते? घरात ठेवली असती तर कवातरी कुणीतरी तपासलीच असती. म्हणून तुमच्या अंगावर घातली आणि सुटले."

म्हणजे एवढी वर्षं आई जिच्यात डाव शोधत होती, ती बाई शाल देताना स्वतःच घाबरलेली होती. मला वाटलं, आता तरी आई खरी आहे असं म्हणेल. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"मेंढीची हाय," आई म्हणाली. "लोकर चांगली हाय. पश्मिना न्हवं."

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे फसलंच की पोरगं." संध्याकाळी त्या नीट जेवल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात आईला टाकून बोलले, एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? आई भाकरी थापत म्हणाली, "उद्या पट्टी सुटंल. तिला दिसणारच हाय की."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी काळा चष्मा लावला आणि मला त्यांच्या धाकट्या मुलाला फोन लावायला सांगितलं. तो तेव्हा राजस्थानात कुठंतरी होता. त्यांनी सरळ विचारलं. पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं. तो म्हणाला, "आई, मी पश्मिना कधी म्हणालो? काश्मीरची शाल म्हणालो. तूच गल्लीभर पश्मिना करून टाकलीस." त्याला ती साधी आहे हे घेतानाच माहीत होतं.

विहीणबाईंनी फोन ठेवला आणि इतक्या हसल्या की आईला त्यांना दटावावं लागलं, डोळ्यावर ताण येईल म्हणून. हसता हसताच त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही लेकीच्या केसांना तेल लावताना काय बघायचा, तेबी मला म्हायती हाय."

आईनं मान वर केली नाही. "व्हय. बघायचे."

"लई राग यायचा मला. तुम्ही दुपारच्या येऊन उभ्या राहायचा तवा वाटायचं, चहात मीठ घालावं."

"घालायचं की," आई म्हणाली. "मला कळलं असतं." मग मात्र तिनं जळीत वॉर्डातल्या एका पोरीची गोष्ट सांगितली, जी तिनं आम्हालाही कधी सांगितली नव्हती. ती पोर ताईच्याच वयाची होती. विहीणबाई काळा चष्मा लावून ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी आईचा हात धरून ठेवला.

रात्री भांडी आवरताना आई मला म्हणाली, "पोरगं फोनवर म्हणालं, ते खरं असंल का? का आईला बरं वाटावं म्हणून आता असं बोलतंय?" मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. एवढंच खरं की त्या बाईंनी नंतर तो विषय पुन्हा काढला नाही.

आठवड्यानं ताई येऊन त्यांना घेऊन गेली. त्या दिवसापासून आई रोज जयसिंगपूरला फोन करायला लागली. ताईनं उचलला की विचारायची, "दुपारचं थेंब घातलं का सासूच्या डोळ्यात? खरं सांग." ताई घातलं म्हणायची. तेवढ्यावर आईचं भागायचं नाही. ती म्हणायची, "तू नको सांगू. तिला दे फोन."